अनुभव धागा : ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ वाचताना आठवलेली आपली माणसं

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी १९९६ साली आली. आपल्याकडे ती पोचली बरीच उशिरा. २०११ मध्ये तिच्यावरची टीव्ही मालिका सुरू झाली आणि मग पुस्तकांच्या दुकानात हा जाडजूड ठोकळा पुढच्या फळीवर दिसायला लागला. ड्रॅगन, बर्फाची भिंत, कोण कोणाला मारतं, यावर भरपूर बोलून झालंय. मला इथे वेगळं ऐकायचंय.

सुरुवातीचं एक छोटं प्रास्ताविक प्रकरण वगळता कादंबरी आठ जणांच्या नजरेतून पुढे सरकते, आणि त्या आठांतले सहा जण एकाच घरातले आहेत, स्टार्कांच्या. राज्य कोणाचं हा प्रश्न मोठा असला तरी गोष्ट सांगितली आहे ती घरातून. दिलेला शब्द पाळायचा, हातातली सत्ता वापरायची, की आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं, या पेचातून त्यातलं कोणीच सुटत नाही. तुम्ही कुठल्या पानावर थांबलात आणि त्या पानानं तुमच्या घरातलं, नोकरीतलं, गावातलं काय आठवून दिलं, ते लिहा. समीक्षा नको, अनुभव हवेत. शक्यतो पहिल्या भागापुरतंच बोलू. पुढच्या भागातलं काही आणायचं असेल तर आधी तसं सांगा. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, शेवटासकट सगळं येणार आहे.

सुरुवात मीच करते.

उत्तरेचा सरदार आणि राजाचा प्रधान नेड स्टार्क त्याच्या तत्त्वनिष्ठेपायी मेला, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. पुस्तक नीट बघा. राजा रॉबर्ट मरणाच्या दारात असताना त्याचा भाऊ रेनली नेडकडे येतो, शंभर तलवारी देतो म्हणतो, आत्ताच्या आत्ता राणीची मुलं ताब्यात घे म्हणतो. नेड नकार देतो, कारण घाबरलेल्या पोरांना अंथरुणातून ओढून काढणं त्याला जमत नाही. त्याआधी त्यानं राणी सर्सीला बागेत बोलावून स्वतःच सांगितलेलं असतं की तुझी मुलं राजाची नाहीत हे गुपित मला कळलंय, राजा शिकारीहून परतायच्या आत मुलांना घेऊन पळून जा. का सांगतो? रॉबर्टनं गादी जिंकली, राजधानी पडली तेव्हा राणीचा बाप टायविन लॅनिस्टरनं आधीच्या राजघराण्यातल्या दोन लहान मुलांचे लाल झग्यात गुंडाळलेले देह रॉबर्टपुढे ठेवले होते, ते त्यानं पाहिलेलं असतं म्हणून. त्याच जुन्या घराण्यातल्या पोटुशा डेनेरिसला मारायचा हुकूम निघतो तेव्हा प्रधानपदाचं चिन्ह काढून टाकणाराही हाच. तिन्ही ठिकाणी मधे मूल आहे. आणि खोटं बोलायची वेळ येते तेव्हा हा माणूस खोटंही बोलतो. मृत्यूपत्रात रॉबर्ट ‘माझा मुलगा जॉफ्री’ म्हणतो, नेड कागदावर ‘माझा वारस’ लिहितो.

माझे वडील गावच्या पतसंस्थेवर संचालक होते. हिशेबात मोठी खोट सापडली आणि ती कोणी केली हेही त्यांना कळलं. तो त्यांचा जुना मित्र. वडील थेट तक्रार करायच्या ऐवजी त्याच्या घरी गेले. पैसे भर, आठवड्यात भर, तोवर मी गप्प बसतो, असं सांगून आले. त्या आठवड्यात मित्रानं बाकीच्या संचालकांना गाठलं आणि खोट वडिलांच्या नावावर टाकली. चौकशी दोन वर्षं चालली, वडील सुटले, पण गावात ‘भोळसट’ हे बिरुद कायमचं चिकटलं. मी मोठी झाल्यावर विचारलं, आधी त्याच्या घरी कशाला गेलात? ते म्हणाले, त्याची धाकटी तुझ्या वर्गात होती ना, रोज आपल्याकडे डबा खायला यायची. बागेतला प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. नेडला मूर्ख म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच भांडते.

नागपूर, वकील

नेडच्या बायकोवर, कॅटलिनवर, वाचकांचा फार राग असतो. मी तिच्या बाजूनं लिहिणार आहे.

चौरस्त्यावरच्या खाणावळीत ती प्रवासाच्या मळक्या कपड्यांत बसलेली असते, कोणी ओळखू नये म्हणून. टायविनचा बुटका धाकटा मुलगा टिरियन तिला ओळखतो आणि नावानं हाक मारतो. मग ती उठते. आधी एका शिपायाच्या अंगरख्यावरचं काळं वटवाघूळ बघून विचारते, तुमच्या बाई माझ्या वडिलांशी अजून एकनिष्ठ आहेत ना? मग ब्रॅकन घराण्याचा लाल घोडा, मग फ्रे घराण्याचे दोन बुरूज. एकेकाकडून ‘हो’ म्हणवून घेते, आणि सगळ्यांत शेवटी, आपल्या मुलावर मारेकरी घातल्याच्या संशयावरून, टिरियनकडे बोट दाखवते. खोलीभर तलवारी निघतात. पंधरा वर्षं उत्तरेत संसार केलेली ही बाई त्या क्षणी उभी आहे ती माहेरच्या जोरावर. नवऱ्याचं नाव तिथे काही कामाचं नव्हतं.

तिच्या माहेरच्या घराण्याचं ब्रीद आहे : कुटुंब, कर्तव्य, मान. याच क्रमानं. मी हा क्रम वाचला आणि माझ्या टेबलावरचे हक्कसोडीचे कागद डोळ्यांपुढे आले. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा बदलला, केंद्रानं २००५ मध्ये. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तरी बहिणी येतात, भावाच्याच गाडीतून येतात, नवी साडी नेसून येतात आणि सही करून जातात. का करता विचारलं की उत्तर एकच, माहेर तुटेल. कुटुंब पहिलं, म्हणून. एक साठीच्या बाई मात्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, भाऊ शेजारी उभा असताना म्हणाल्या, “दादा, मी सही करते. पण उद्या हे गेले आणि मी आजारी पडले, तर तुझ्या घरात मला कुठली खोली, ते पण या कागदात लिही.” भावाला उत्तर सुचलं नाही. सही त्या दिवशी झाली नाही. पुढे दोघांनी समजुतीनं वाटणी केली आणि बाई आजही दिवाळीला माहेरी जातात.

कॅटलिननं केलेल्या अटकेची किंमत कोणी भरली तेही सांगायला हवं. टायविननं तिच्या माहेरच्या मुलखात माणसं घुसवली, गावं जाळली. शेरर गावची माणसं सिंहासनापुढे उभी राहून काय काय झालं ते सांगतात, त्यांना बोलताही येत नसतं धड. घराण्यांनी इज्जतीसाठी भांडायचं आणि पीक जळायचं दुसऱ्याचं. हा भाग मालिकेपेक्षा पुस्तकात जास्त टोचतो.

सातारा जिल्हा, निवृत्त सुभेदार

मुलीनं पुस्तक दिलं. इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नाही, डिक्शनरी घेऊन वाचलं. जॉन स्नोची प्रकरणं परत परत वाचली.

जॉन हा नेडचा अनौरस मुलगा. तो नाइट्स वॉचमध्ये, म्हणजे बर्फाच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या पलटणीत, भरती होतो. बायको करायची नाही, जमीन धरायची नाही, पोर होऊ द्यायचं नाही अशी शपथ आहे. शपथ घेऊन होते आणि बातमी येते, बापाला राजद्रोहाखाली धरलंय. तिथे मेस्टर (म्हणजे तिथला पंडित-वैद्य) एमन नावाचा शंभरी ओलांडलेला आंधळा म्हातारा आहे. तो जॉनला कावळ्यांसाठी मांस चिरायला बसवतो. हात कामात, मन ऐकायला मोकळं. आणि सांगतो की बाबा, आम्हाला लग्न का करू देत नाहीत माहीत आहे का? माया आली की कर्तव्य गेलं म्हणून. मलाही हीच परीक्षा द्यावी लागली, म्हणतो. तू काय करायचं ते मी सांगणार नाही, तुझं तू ठरव.

नेडचा शिरच्छेद झाल्यावर जॉन रात्री घोडा काढून निघतो. पळून जाणाऱ्याला शिक्षा एकच, मृत्यू. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याच्या बापानं असल्याच एका पळपुट्याचं डोकं स्वतःच्या हातानं उडवलेलं आहे, आणि जॉन तिथे हजर होता. मित्र त्याला जंगलात गाठतात. मारत नाहीत, समजावत नाहीत. भोवती उभे राहून शपथ म्हणायला लागतात. एकानं सुरू केली, दुसऱ्यानं उचलली. जॉन परत येतो.

आमची पलटण उत्तरेत होती तेव्हाची गोष्ट. गावाकडं बांधावरनं भावकीत कुऱ्हाडी निघाल्या, धाकटा भाऊ दवाखान्यात. निरोप आला, असशील तसा ये. रजा मागितली, मिळाली नाही, त्या वेळी परिस्थितीच तशी होती. रात्री पिशवी भरली. काय होणार ते माहीत होतं, पण डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. बॅरेकमधले दोघं जण, एक गढवाली आणि एक बेळगावकडचा, दारात येऊन बसले. विचारलं काही नाही. पत्ते काढले आणि मला तिसरा भिडू धरलं. उजाडेपर्यंत खेळत बसलो. सकाळी साहेबांनी बोलावून चहा दिला, आणि पुढच्याच आठवड्यात रजा मंजूर झाली. त्यांना कोणी सांगितलं होतं का, मला आजतागायत ठाऊक नाही. पुस्तकात लॉर्ड कमांडर मॉर्मंटला सगळं माहीत असतं. तो म्हणतो, तुझ्या इमानानं तुला बाहेर काढलं आणि इमानानंच परत आणलं. जॉन म्हणतो, मला मित्रांनी परत आणलं. त्यावर म्हातारा म्हणतो, मी कुठं म्हटलं ते इमान तुझं होतं? हे वाक्य मी मुलीला फोन करून वाचून दाखवलं.

पुढच्या भागातलं एक सांगतो. एमन राजघराण्यातला. त्याला गादी देऊ केली होती, त्यानं नाकारली आणि धाकटा भाऊ राजा झाला. मग आपल्या नावाचा वापर करून कोणी भावाविरुद्ध उठू नये म्हणून हा थेट भिंतीवर निघून गेला. आमच्याकडं सप्ताहात भीष्माची प्रतिज्ञा दर वर्षी ऐकतो. भीष्मानं गादी सोडली पण वाडा सोडला नाही. त्यामुळं पुढं सभेत मान खाली घालून बसायची पाळी आली. एमन निघून गेला ते बरं केलं, असं माझं मत.

कोल्हापूर, शिक्षिका

मी सहावीला शिकवते, त्यामुळे सान्साबद्दल लिहिणं मला भाग आहे. सान्सा, नेडची थोरली मुलगी, अकरा वर्षांची आहे. तिला दगाबाज म्हणणारे हे विसरतात.

नदीकाठी तिची धाकटी बहीण आर्या आणि राजपुत्र जॉफ्रीचं भांडण होतं, आर्याची लांडगी त्याला चावते. राजापुढे सुनावणी होते आणि सान्साला विचारतात, खरं काय झालं? एका बाजूला सख्खी बहीण, दुसऱ्या बाजूला ज्याच्याशी लग्न ठरलंय तो, वर राणी, राजा, आख्खा दरबार. ती म्हणते, मला आठवत नाही. आणि आर्याची लांडगी पळून गेलेली असल्यानं राणीच्या हट्टापायी सान्साची गरीब, माणसाळलेली लांडगी लेडी मारली जाते. नेड ते काम खाटकावर सोडत नाही, स्वतः करतो, आणि कातडं राणीला मिळू नये म्हणून देह उत्तरेला पाठवून देतो. त्या माणसाची मान राखायची तऱ्हा ही अशी होती. पण मुलीला जवळ घेऊन चार शब्द त्यानं बोलायला हवे होते, असं मला फार वाटतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईवडिलांचं कोर्टात चाललं होतं. मधल्या सुट्टीत कधी आत्या यायची, कधी मामा. बाबा आईला कसे बोलायचे, सांगशील ना? आई तुला सोडून कुठे जायची, सांगशील ना? काही महिन्यांत त्या मुलीनं सगळ्यालाच ‘आठवत नाही’ म्हणायला सुरुवात केली. पाठ असलेली कविता विचारली तरी आठवत नाही. मित्रमैत्रिणींची नावं विचारली तरी तेच. मुख्याध्यापकांना सांगून आम्ही नातेवाइकांचं शाळेत येणं बंद केलं. कविता परत यायला पुढचं वर्ष उजाडलं.

पुढे नेड मुलींना घरी धाडायचं ठरवतो तेव्हा सान्सा राणीकडे धावते आणि वडिलांचा बेत सांगून टाकते. याचा परिणाम भयंकर होतो. पण कोणत्या मोठ्या माणसानं तिला सांगितलं होतं की राणी कोण आहे, धोका काय आहे? निष्ठा हवी असेल तर मुलांना खरं सांगावं लागतं. स्टार्कांच्या घरात ते कोणी केलं नाही.

सांगली, हिशेबनीस

मी आकड्यांचा माणूस. नेड प्रधान होऊन पहिल्याच बैठकीला बसतो तेव्हा त्याला कळतं की खजिना रिकामा आहे आणि राज्यावर साठ लाखांवर सोन्याच्या नाण्यांचं कर्ज आहे. त्यातलं निम्मं एकट्या टायविनचं, म्हणजे राजाच्या सासऱ्याचं. आणि त्याच बैठकीत नेडच्याच सन्मानार्थ स्पर्धा भरवायचं ठरतं. भालाफेकीचं नव्हे, घोड्यावरून भाल्यानं झुंजायचं. पहिल्याला चाळीस हजार, दुसऱ्याला वीस, घोळक्यातल्या लढाईला वीस, धनुर्धराला दहा. नव्वद हजार नुसती बक्षिसं.

ऋण काढून सण! ज्याच्या हातात कर्जाचे कागद, त्याचाच माणूस राजाच्या दाराशी उभा. राजाच्या सेवेतली पोरं लॅनिस्टर, राणी लॅनिस्टर, शेवटच्या शिकारीत कडक दारू ओतणाराही लॅनिस्टर. लोक कट शोधत बसतात, मला तर सगळं त्या एका आकड्यात दिसलं.

आमच्या भागातल्या एका गावात जत्रेच्या कुस्त्यांचा इनाम दर वर्षी चढत गेला. पैसा वाळूचा ठेका घेणारा देत होता. सरपंच माणूस चांगला, दिलदार, रॉबर्टसारखाच सगळ्यांचा मित्र. मी वही मांडून दाखवली, त्यानं खांद्यावर हात ठेवून हसून विषय बदलला. नदीकाठच्या विहिरी खाली गेल्यावर ठेकेदाराला कोण अडवणार होतं? ग्रामसभेत प्रश्न विचारला दोन म्हाताऱ्या बायकांनी. त्यांचं कोणाचं काही देणं नव्हतं.

लीड्स, डॉक्टर (मूळ पुण्याची)

मार्टिन यांनी ज्या इतिहासावरून पुष्कळ उचललं, त्याच्या पायथ्याशी मी राहते. इंग्लंडमधली यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांची गादीसाठीची युद्धं, १४५५ ते १४८७. स्टार्क आणि लॅनिस्टर ही नावं त्या जोडीची आठवण करून देतातच.

यॉर्क शहराच्या तटाला मिकलगेट बार नावाची वेस आहे. ३० डिसेंबर १४६० ला वेकफील्डच्या लढाईत यॉर्कचा ड्यूक रिचर्ड मारला गेला, त्याचं डोकं कागदी मुकुट घालून या वेशीवर लावलं. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा एडमंडही त्याच दिवशी गेला. तीन महिन्यांनी, २९ मार्च १४६१ ला, थोरला मुलगा एडवर्ड टाउटनची लढाई जिंकून शहरात आला आणि त्यानं ती डोकी उतरवली. मी त्या वेशीखालून पहिल्यांदा गेले तेव्हा कादंबरीतली सान्सा डोक्यात होती. जॉफ्री तिला तटावर नेऊन बापाचं डोकं बघायला लावतो. ती बघते, पण त्याला हवी तशी मोडत नाही.

शनिवारवाडा रोज बघत वाढलेल्या मुलीला हे परकं कसं वाटणार? १७७३ मध्ये गारद्यांनी नारायणरावांना मारलं, ते याच भिंतींच्या आत. ‘काका, मला वाचवा’ आम्हाला आजी सांगायची तेव्हा आम्ही भुताच्या गोष्टीसारखं ऐकायचो. मोठेपणी कळलं की त्यात सगळ्यांत घाबरवणारा शब्द ‘काका’ आहे. आणि नेड प्रधानपदाचं चिन्ह राजापुढे टाकतो तिथे मला राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री दिसतात. खुर्ची सोडून उठता येणारी माणसं कमीच असतात, तिकडेही आणि इकडेही.

मडगाव

थोडक्यात लिहिते. व्हिसेरिस बहिणीला, डेनेरिसला, खाल द्रोगो या टोळीप्रमुखाला देतो, बदल्यात त्याला फौज हवी असते, आणि हे सगळं ‘आपल्या घराण्यासाठी’ चाललंय असं तिला ऐकवत राहतो. माझं एक स्थळ असंच ठरत आलं होतं, भावाला आखातात नोकरी लावून देणार होते म्हणून. आईनं मला बाजूला घेऊन एकदाच विचारलं, तुला पाहिजे? मी नाही म्हटलं. तिनं सगळ्यांसमोर माझं ‘नाही’ स्वतःच्या नावावर घेतलं. डेनेरिसला आई नव्हती. त्या प्रकरणात मला सारखं तेवढंच जाणवत राहिलं.

सोलापूर, कापड व्यवसाय

लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर आहे. टिरियनबद्दल माझ्याखेरीज कोणी लिहिलेलं मला चालणार नाही.

कॅटलिन टिरियनला पकडते तेव्हा टायविन सगळं सैन्य काढतो. वाचणाऱ्याला वाटतं, बापाचं काळीज! पण टिरियन सुटून त्याच्या छावणीत येतो, तेव्हा बाप त्याला बसही म्हणत नाही धड. युद्ध सुरू झालं ते लॅनिस्टर नावाला हात लागला म्हणून. आणि लढाईत त्याला डोंगरातल्या बेशिस्त टोळ्यांबरोबर आघाडीवर उभा करतो, ती बाजू कोसळेल असं धरूनच. टिरियनला हे लढाईनंतर समजतं. थोरला जेमी शत्रूच्या हाती सापडल्यावर टायविन याला राजधानीत आपल्या जागी पाठवतो, तू माझा मुलगा आहेस म्हणून. टिरियन ओळखतो की यानं जेमीची आशा सोडली.

आमचं एकत्र कुटुंब, तीन पिढ्यांची पेढी. मला कोणी रस्त्यात हिणवलं तर काका अंगावर धावून जायचे, एकदा तर मारामारी झाली. आणि त्याच काकांनी चुलत बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मला वर गच्चीवरच्या खोलीत बसायला सांगितलं. दोन्ही वेळा कारण एकच होतं, घराचं नाव. हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, टायविनची छावणी वाचल्यावर सांगता आलं.

पुढे थोरला भाऊ वेगळा झाला, पुण्याला गेला. पेढीच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. वडील म्हणाले, आता तूच. मी किल्ल्या घेतल्या, आणि घेताना म्हटलं की गल्ल्यावर मी बसणार, आत नाही, समोर. आज गिऱ्हाईक मला बघूनच आत येतं. काका आता थकलेत, दुपारी माझ्या शेजारी येऊन बसतात. त्यांच्याबद्दल मनात राग नाही, पण गच्चीवरची ती खोली मी मालाचं गोदाम करून टाकली.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा

वर धागाकर्तीनं नेडबद्दल लिहिलंय, त्यात माझी भर.

अंधारकोठडीत राजाचा हेरप्रमुख व्हॅरिस तुरुंगरक्षकाच्या वेशात येतो. नेडला सांगतो, गुन्हा कबूल कर, जॉफ्री खरा राजा आहे म्हण, तुला भिंतीवर पाठवतील. नेडला स्वतःच्या जिवाची फिकीर नसते. मग व्हॅरिस सान्साचं नाव काढतो. तिथे प्रकरण संपतं. नेडनं काय ठरवलं, कसं ठरवलं, हे आपल्याला त्याच्या तोंडून कधीच कळत नाही. त्याची कबुली आपण बघतो ती आर्याच्या डोळ्यांनी. ती पुतळ्यावर चढून बसलेली असते, लोक दगड मारत असतात, आणि तिचा बाप हजारोंसमोर म्हणत असतो की मी फितूर आहे. तिला एवढंच कळतं की तो खोटं बोलतोय. का, ते तिला माहीत नाही.

माझे वडील एका साखर कारखान्यात कामगार पुढारी होते. संप चिघळला आणि एक दिवस त्यांनी गेटवर उभं राहून लेखी माफीनामा वाचला. मी लोकांना भडकावलं, मागण्या अवास्तव होत्या, वगैरे. संप मोडला. मी कॉलेजात होते, गर्दीत मागे उभी होते. त्यानंतर कित्येक जण आमच्या दारावरून मान वळवून जायचे, आणि खरं सांगायचं तर मीही वडिलांशी नीट बोलत नव्हते. ते गेल्यावर तेराव्यानंतर आईनं सांगितलं. धाकट्या भावावर चोरीची केस घालायची तयारी झाली होती. पुरावा म्हणून दाखवायचं सामान आमच्या गोठ्यात आणून ठेवलेलं होतं. वडिलांना तेवढं दाखवलं आणि कागद पुढे केला.

भाऊ आज सरकारी नोकरीत आहे, दोन मुलं आहेत. त्याला यातलं काही माहीत नाही. बापानं कच खाल्ली असंच तो आजही म्हणतो, वर्षश्राद्धाला पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणाला. आई म्हणते, सांगायचं असतं तर यांनीच सांगितलं असतं. मला वाटतं, सांगावं. इथे वकील आहेत, शिक्षिका आहेत, सुभेदारसाहेब आहेत. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, ते लिहा.